ई-मेल सेवेची अखंडता आणि मेल सर्व्हरमधील स्वयंचलित पर्यायी व्यवस्था
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर)

गोषवारा :

विद्यापीठ व महाविद्यालये यांच्यातील बहुतांश पत्रव्यवहार आज ई-मेलद्वारे होतो. मेल सर्व्हर बंद पडल्यास हा व्यवहार खंडित होऊ नये, यासाठी दुसरा सर्व्हर आपोआप पहिल्याची जागा घेईल अशी योजना करता येते. संगणकशास्त्रात तिला 'फेलओव्हर' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर ही दोन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवून या योजनेची तत्त्वे, तिच्यातील धोके आणि उभारणीचा क्रम स्पष्ट केला आहे. टपाल स्वीकारण्याचे काम पूर्णतः स्वयंचलित असावे, मात्र टपालपेट्यांचा ताबा दुसऱ्या सर्व्हरकडे देण्याचा निर्णय लहान संस्थांनी जबाबदार व्यक्तीच्या हाती ठेवावा, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजशब्द : ई-मेल, मेल सर्व्हर, फेलओव्हर, एमएक्स नोंद, प्रतिलिपी, गणपूर्ती.

१. प्रस्तावना

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कार्यक्षेत्रात येतात आणि लातूर येथे विद्यापीठाचा उपपरिसर आहे. पूर्वी परीक्षेचे परिपत्रक टपालाने किंवा खास माणसाकरवी येत असे. ते एक दिवस उशिरा आले तरी त्याचा कागद कोठे तरी अस्तित्वात असे व त्याचा शोध घेता येत असे. ई-मेलची स्थिती वेगळी आहे. सर्व्हर बंद असताना परत गेलेल्या पत्राची संबंधित महाविद्यालयाला कल्पनाही नसते. संलग्नीकरणाच्या प्रस्तावातील त्रुटी कळवणारे पत्र, पुनर्मूल्यांकनाची अंतिम तारीख किंवा एखाद्या विद्यार्थ्यास आलेले मुलाखतीचे बोलावणे वेळेत पोहोचले नाही, तर त्याची किंमत यंत्राला नव्हे, तर माणसाला मोजावी लागते. म्हणूनच हा विषय केवळ संगणक विभागाचा न राहता प्राचार्य, कार्यालय व अध्यापक या सर्वांच्या जिव्हाळ्याचा ठरतो.

येथे मांडलेली रचना उदाहरणादाखल आहे. ते कोणत्याही संस्थेतील प्रत्यक्ष व्यवस्थेचे वर्णन नव्हे. एका संस्थेचा मुख्य मेल सर्व्हर नांदेड येथे व दुसरा लातूर येथे आहे, असे गृहीत धरले आहे.

२. ई-मेलचा मूळ स्वभाव

ई-मेलची रचनाच मुळी 'साठवा व पुढे पाठवा' या तत्त्वावर झालेली आहे. भारतात १९८६-८७ च्या सुमारास अर्नेट प्रकल्पांतर्गत मुंबईतील एनसीएसटी व आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या मार्गे ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. तेव्हा दोन संगणकांमधील जोडणी सतत चालू नसे. संपर्क होईपर्यंत पत्र रांगेत थांबे व संपर्क होताच पुढे जाई. आजची व्यवस्था कितीतरी वेगवान असली, तरी हा स्वभाव कायम आहे.

ई-मेल वाहून नेण्याचा नियमसंच म्हणजे एसएमटीपी होय. तो जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडला व त्याची सुधारित आवृत्ती २००८ मध्ये आरएफसी ५३२१ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

(अ) पत्र घेणारा सर्व्हर उपलब्ध नसेल, तर पाठवणाऱ्या सर्व्हरने ते रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो. दोन प्रयत्नांमध्ये किमान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि साधारणतः किमान ४ ते ५ दिवस प्रयत्न सोडू नये, असा संकेत आहे.

(आ) घेणाऱ्या सर्व्हरने 'पत्र मिळाले' असे उत्तर (२५०) दिले की पत्राची जबाबदारी त्याच्याकडे येते. पाठवणारा आपली प्रत रांगेतून काढून टाकतो. यानंतर पत्र हरवल्यास ते पुन्हा येण्याचा मार्ग उरत नाही.

(इ) नकार दोन प्रकारचे असतात. ४ या अंकाने सुरू होणारे उत्तर म्हणजे 'आता शक्य नाही, नंतर या'. ५ या अंकाने सुरू होणारे उत्तर म्हणजे 'पुन्हा येऊ नका'. पहिल्या उत्तरानंतर पत्र रांगेत राहते, तर दुसऱ्यानंतर ते तत्काळ प्रेषकाकडे परत जाते.

तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व एका घटनेवरून कळते. डिसेंबर २०२० मध्ये जीमेलच्या अंतर्गत रचनेत बदल करताना झालेल्या चुकीमुळे अस्तित्वात असलेल्या पत्त्यांबाबतही 'असा पत्ता नाही' या अर्थाचे ५५० हे उत्तर काही तास दिले जात होते. सेवा पूर्ण बंद पडली असती, तर ती पत्रे जगभरच्या सर्व्हरांवर रांगेत थांबली असती. परंतु सेवा चालू राहून चुकीचे उत्तर देत असल्याने ती परत गेली. तात्पर्य, बंद पडलेल्या सर्व्हरपेक्षा चुकीचे बोलणारा सर्व्हर अधिक घातक ठरतो. पर्यायी सर्व्हर उभारताना हे सूत्र प्रथम स्मरणात ठेवावे.

३. टपाल स्वीकारणारा दुसरा सर्व्हर

एखाद्या संस्थेच्या नावे आलेले पत्र कोणत्या सर्व्हरकडे न्यावे, हे डीएनएस या नामकोशातील 'एमएक्स' नोंदीवरून ठरते. प्रत्येक नोंदीस एक पसंतिक्रमांक असतो. कमी अंकाच्या सर्व्हरला अग्रक्रम मिळतो. आपल्या उदाहरणात नोंदी पुढीलप्रमाणे असतील :

नांदेड येथील सर्व्हर : पसंतिक्रमांक १०
लातूर येथील सर्व्हर : पसंतिक्रमांक २०

पाठवणारा सर्व्हर प्रथम नांदेडशी संपर्क साधतो. उत्तर न मिळाल्यास तो लातूरकडे वळतो. ही निवड बाहेरचा सर्व्हर करतो. त्यासाठी आपल्याकडे वेगळी सामग्री लागत नाही. लातूरचा सर्व्हर पत्र स्वीकारून रांगेत ठेवतो व नांदेड पूर्ववत होताच ते तिकडे रवाना करतो. दोन्ही नोंदींना एकच अंक दिल्यास पत्रे दोन्हीकडे विभागून येतात. तेथे भारविभागणी साधते, मुख्य-पर्यायी असा क्रम मात्र राहत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. बाहेरचे सर्व्हर तसेही चार-पाच दिवस प्रयत्न करणारच असतील, तर लातूरच्या सर्व्हरने नेमके काय साधते? त्याचे उत्तर असे की, रांग आपल्या ताब्यात येते. सर्वच प्रेषक संकेताप्रमाणे चार दिवस थांबतील याची हमी नसते. शिवाय नांदेडची सेवा सुरू झाल्यावर प्रत्येक प्रेषक आपापल्या सवडीने पुन्हा येतो, तर लातूरची रांग एका आज्ञेने मोकळी करता येते. पोस्टफिक्स या प्रचलित प्रणालीत पत्र रांगेत ठेवण्याचा मूळ कालावधी ५ दिवस असतो; पर्यायी सर्व्हरवर तो आवश्यकतेनुसार वाढवता येतो.

हे लाभ मिळण्यासाठी पुढील दक्षता अनिवार्य आहे.

पहिली, वैध पत्त्यांची यादी लातूरकडेही असली पाहिजे व ती नियमितपणे अद्ययावत झाली पाहिजे. यादी नसल्यास लातूर कोणतेही पत्र स्वीकारतो, नांदेड नंतर ते नाकारतो आणि लातूरला ते परत पाठवावे लागते. अनिष्ट पत्रांतील प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा असल्याने अशी परतफेड त्रयस्थांच्या माथी येते व आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो. उलटपक्षी यादी जुनी असल्यास नव्या प्राध्यापकाचे पत्र ५५० या उत्तराने परत जाते. मागील परिच्छेदातील सूत्र येथे लागू पडते : असा पर्यायी सर्व्हर असण्यापेक्षा नसलेला बरा.

दुसरी, अनिष्ट पत्रे रोखण्याची व्यवस्था दोन्हीकडे सारखी असावी. दुसऱ्या सर्व्हरवरील पहारा ढिला असतो हे जाणून अनिष्ट पत्रे पाठवणारे मुद्दाम मोठ्या अंकाच्या नोंदीकडे जातात.

तिसरी, बाहेर जाणाऱ्या पत्रांचा विचारही करावा. संकटकाळी लातूरहून पत्रे पाठवावयाची असतील, तर त्याच्या आयपी पत्त्याचा समावेश एसपीएफ नोंदीत आधीच असावा, उलट-नोंद योग्य असावी आणि डीकेआयएम स्वाक्षरीची सोय तेथेही असावी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने प्रत्येक प्रेषकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएमची अपेक्षा ठेवली आहे. त्यामुळे ही तयारी नसलेल्या सर्व्हरची पत्रे ऐन वेळी अडवली जाण्याचा संभव असतो.

४. टपालपेटीचा प्रश्न

एमएक्स नोंदीमुळे येणारे पत्र सुरक्षित राहते. परंतु नांदेड बंद असताना अध्यापकास आपली जुनी-नवी पत्रे वाचता येत नाहीत. त्यासाठी टपालपेट्यांची प्रतिलिपी लातूर येथे असावी लागते. तिचे दोन प्रकार आहेत.

समकालिक पद्धतीत नांदेडला आलेले पत्र लातूरच्या तबकडीवर लिहिले गेल्यानंतरच 'मिळाले' असे उत्तर दिले जाते. पत्र हरवण्याची शक्यता जवळजवळ नाहीशी होते. मात्र दोन शहरांमधील जोडणी तुटली, तर नांदेड येथील काम तरी थांबते किंवा प्रतिलिपीविना पुढे चालते. नांदेड-लातूर हवाई अंतर शंभर किलोमीटरहून थोडेच अधिक आहे. प्रकाशीय तंतूतून इतके अंतर कापण्यास एक मिलिसेकंदही लागत नाही. अडचण अंतराची नसून जोडणीच्या भरवशाची आहे.

असमकालिक पद्धतीत प्रतिलिपी मागाहून, उदाहरणार्थ दर ५ मिनिटांनी, केली जाते. समजा, ११ वाजता प्रतिलिपी झाली व ११ वाजून ३ मिनिटांनी नांदेडचा सर्व्हर बंद पडला. या ३ मिनिटांत आलेली पत्रे केवळ नांदेडच्या तबकडीवर आहेत. प्रेषकाने आपली प्रत केव्हाच काढून टाकली आहे. तबकडी शाबूत असेल तर ती पत्रे नंतर मिळतील, अन्यथा नाही. म्हणून किती मिनिटांची पत्रे गमावणे परवडेल, हा प्रश्न संस्थेने आधीच विचारला पाहिजे. त्याचे उत्तर तांत्रिक नसून प्रशासकीय आहे.

लिनक्स प्रणालीत तबकडीच्या पातळीवरील प्रतिलिपीसाठी डीआरबीडी ही व्यवस्था वापरली जाते. २०१० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. टपालपेटीच्या पातळीवरील प्रतिलिपीसाठी डव्हकॉट प्रणालीतील साधने उपयोगी पडतात. मात्र त्यांतील स्वयंचलित द्विपक्षीय प्रतिलिपीची सोय डव्हकॉटच्या २.४ या आवृत्तीत वगळण्यात आली आहे. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेनुसार उभारणी करण्यापूर्वी आवृत्ती तपासून घेणे इष्ट.

५. सर्व्हर बंद पडला हे कोणी ठरवावे?

स्वयंचलित व्यवस्थेचा हा गाभ्याचा प्रश्न होय. सामान्यतः दोन्ही सर्व्हर ठरावीक अंतराने एकमेकांस 'मी कार्यरत आहे' असा संकेत पाठवतात. त्याला हृदयस्पंदन म्हणतात. दर १० सेकंदांनी संकेत व तीन संकेत चुकल्यास ताबा घेणे, असा नियम केला तर ३० सेकंदांत लातूर मुख्य सर्व्हर होईल. हे वरवर पाहता आदर्श वाटते. परंतु संकेत न येण्याची कारणे दोन असू शकतात. एक, नांदेडचा सर्व्हर खरोखर बंद आहे. दुसरे, सर्व्हर सुरळीत आहे, पण मधली तार तुटली आहे. लातूरला हे दोन प्रसंग सारखेच दिसतात. रस्त्याच्या कामात केबल तोडली जाणे आपल्या भागात नवे नाही. अशा वेळी लातूरने ताबा घेतला, तर दोन्ही सर्व्हर स्वतःस मुख्य समजतात. काही पत्रे एकीकडे येतात, काही दुसरीकडे. एकीकडे पुसलेले पत्र दुसरीकडे शिल्लक राहते. जोडणी पूर्ववत झाल्यावर खरी टपालपेटी कोणती, हे सांगणे कठीण होते. या अवस्थेस 'द्विमस्तक स्थिती' म्हणता येईल.

ही केवळ कल्पना नव्हे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कंपनीच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दोन केंद्रांमधील जोडणी अवघी ४३ सेकंद तुटली. स्वयंचलित व्यवस्थेने विदागारांचा ताबा पश्चिम किनाऱ्याकडे सोपवला. दोन्ही किनाऱ्यांवर एकमेकांकडे नसलेल्या नोंदी तयार झाल्या व सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. त्या ४३ सेकंदांत व्यवस्थेने काहीच केले नसते, तर बहुतेकांना खंड जाणवलाही नसता.

यावर दोन उपाय आहेत. पहिला गणपूर्तीचा. विद्यापीठाच्या अधिसभेत किंवा महाविद्यालयाच्या व्यवस्थापन समितीत गणपूर्तीशिवाय झालेला निर्णय ग्राह्य नसतो, हे अध्यापकवर्गास परिचित आहे. सर्व्हरांनाही हाच नियम लावता येतो. परभणी किंवा हिंगोली अशा तिसऱ्या ठिकाणी एक लहान साक्षीदार संगणक ठेवावा. त्यावर टपाल नसते. त्याला केवळ मताचा अधिकार असतो. तिघांपैकी दोघे एकमेकांस पाहू शकत असतील तरच त्यांना ताबा घेता येतो. एकाकी पडलेला सर्व्हर, मग तो नांदेडचा का असेना, आपणहून माघार घेतो. केवळ दोन सदस्यांच्या सभेत मतभेद झाल्यास बहुमत ठरत नाही, म्हणून तिसऱ्याची गरज आहे. मात्र साक्षीदाराची जोडणी नांदेड किंवा लातूरच्याच तारेतून जात असेल, तर त्याची साक्ष निरर्थक ठरते.

दुसरा उपाय म्हणजे ताबा घेण्यापूर्वी जुन्या सर्व्हरचा वीजपुरवठा दूरनियंत्रणाने तोडणे, जेणेकरून तो अर्धवट जिवंत राहून घोटाळा करणार नाही. एका खोलीतील दोन सर्व्हरांबाबत हे सुलभ आहे. दोन शहरांमध्ये मात्र ज्या तारेवरून ही आज्ञा जाणार, तीच तुटलेली असू शकते.

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. टपाल स्वीकारताना द्विमस्तक स्थितीचा धोका नाही, कारण रांगेतील पत्र कोठूनही आले तरी शेवटी एकाच पेटीत पोहोचते. तेथे स्वयंचलन निर्धोक आहे. टपालपेटीचा ताबा बदलताना मात्र चुकीच्या निर्णयाची किंमत थांबण्यापेक्षा मोठी असते. तिसरे ठिकाण व चोवीस तास तज्ज्ञ मनुष्यबळ नसलेल्या संस्थेने येथे यंत्राने केवळ सूचना द्यावी व जबाबदार व्यक्तीने दूरध्वनीवरून नांदेडची खात्री करून आज्ञा द्यावी, हाच मार्ग श्रेयस्कर होय.

६. दोन ठिकाणे खरोखर स्वतंत्र आहेत का?

एक सर्व्हर वर्षातील १ टक्का काळ बंद राहतो असे मानू. वर्षाचे ८,७६० तास धरल्यास हा काळ ८७.६ तास होतो. दोन सर्व्हर परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०१ × ०.०१, म्हणजे ०.०००१ इतकी; वर्षाकाठी सुमारे ५३ मिनिटे. परंतु दोघांना एकाच वेळी बंद पाडणारे समान कारण वर्षातून केवळ ०.२ टक्के काळ जरी उद्भवले, तरी त्याचेच साडेसतरा तास होतात. म्हणजे एकूण खंड यंत्रांच्या दर्जापेक्षा समान कारणावर अधिक अवलंबून असतो.

मराठवाड्याच्या इतिहासातून या तत्त्वाचा बोध होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी हा परिसर भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात गणला जात असे. नांदेड गोदावरीकाठी वसलेले असल्याने तेथे पुराचा विचार करावा लागतो. दोन्ही शहरांचे धोके निरनिराळे असणे ही या जोडीची जमेची बाजू आहे. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचली. मांजरा गोदावरीच्या खोऱ्यातील, तर मिरज कृष्णेच्या. पर्याय कामी आला तो दुसऱ्या खोऱ्यातील होता म्हणून. सर्व्हरांचेही तसेच आहे. दोन्ही शहरांत एकाच कंपनीची जोडणी, एकाच नोंदणीदाराकडील डीएनएस व एकच संकेतशब्द असेल, तर ते दोन सर्व्हर एकाच खोऱ्यातील होत.

मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर येथील ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास आग लागली. ज्यांनी मूळ विदा व तिची प्रत दोन्ही त्याच आवारात ठेवली होती, त्यांच्यापैकी अनेकांनी दोन्ही गमावली. तथापि दूरची प्रतिलिपी म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही येथेच नमूद केले पाहिजे. नांदेडला चुकून पुसलेली टपालपेटी काही क्षणांत लातूरलाही पुसली जाते. म्हणून रोजची स्वतंत्र राखीव प्रत वेगळी ठेवावीच लागते.

७. उभारणीचा क्रम

१) डीएनएस सेवा किमान दोन भिन्न ठिकाणी असावी. १९९७ च्या आरएफसी २१८२ मध्ये हाच आग्रह आहे. नामकोशच बंद असेल तर एमएक्स नोंदी कोणास दिसणार नाहीत.

२) बदलाव्या लागतील अशा नोंदींची वैधता-मुदत आधीच कमी, उदाहरणार्थ ३०० सेकंद, ठेवावी. संकटानंतर ती कमी करून उपयोग नाही. कारण जुनी नोंद इतरत्र साठवलेली असते.

३) लातूर येथे टपाल स्वीकारणारा सर्व्हर उभारावा. पत्त्यांची यादी त्याच्याकडे आपोआप जावी. यादी मिळाली नाही, तर सर्व्हरने ५ नव्हे, तर ४ या अंकाचे तात्पुरते उत्तर द्यावे.

४) दोन्ही ठिकाणी यूपीएस व जनित्राची सोय असावी. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमनाचा अनुभव असलेल्या महाविद्यालयांना याचे महत्त्व सांगावयास नको.

५) टपालपेट्यांची प्रतिलिपी सुरू करावी. ती किती मिनिटे मागे आहे, याची नोंद दररोज पाहावी.

६) ताबा बदलण्याचा व परत देण्याचा क्रम मराठीत लिहून, छापून दोन्ही कार्यालयांत लावावा. ई-मेल बंद असताना ई-मेलमध्ये ठेवलेली सूचना वाचता येत नाही. परत देण्याचा क्रम अधिक काळजीने लिहावा. लातूरला आलेली पत्रे नांदेडकडे पूर्ण पोहोचल्याखेरीज ताबा परत देऊ नये.

७) प्रत्येक सत्रात एकदा, परीक्षेचा काळ वगळून, नांदेडचा सर्व्हर मुद्दाम बंद करून चाचणी घ्यावी. चाचणी न झालेली पर्यायी व्यवस्था हे केवळ गृहीतक असते.

ज्या महाविद्यालयांनी गूगल किंवा मायक्रोसॉफ्टची सेवा घेतली आहे, त्यांना वरीलपैकी तिसरा ते पाचवा मुद्दा थेट लागू नाही. ते काम सेवादाता करतो. तथापि नामनोंदणीचे वेळेत नूतनीकरण, प्रशासकीय खात्याचा ताबा किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असणे, महत्त्वाच्या पत्रांची स्वतंत्र प्रत आणि संपर्काचा दुसरा मार्ग ही जबाबदारी महाविद्यालयाचीच राहते.

८. निष्कर्ष

१) ई-मेल ही स्वभावतः वाट पाहणारी सेवा आहे. काही तासांचा खंड ती सहन करते. चुकीचा नकार मात्र सहन करीत नाही.

२) एमएक्स नोंदींद्वारे टपाल स्वीकारण्याची पर्यायी व्यवस्था अल्प खर्चाची असून ती पूर्णतः स्वयंचलित ठेवता येते. पत्त्यांची अद्ययावत यादी ही तिची पूर्वअट होय.

३) टपालपेट्यांचा ताबा आपोआप बदलण्यासाठी तिसरा साक्षीदार व गणपूर्तीचा नियम आवश्यक आहे. तो शक्य नसल्यास निर्णय माणसाकडे असावा.

४) दोन सर्व्हर असणे व दोन स्वतंत्र सर्व्हर असणे यांत फरक आहे. वीज, जोडणी, नामकोश व अधिकार यांची स्वतंत्रता तपासल्याशिवाय दुसऱ्या सर्व्हरवरील खर्च सार्थकी लागत नाही.

५) विद्यापीठीय वर्षात ज्या दिवशी निकाल, प्रवेश वा पुनर्मूल्यांकनाची मुदत असते, त्या दिवशी या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. तिची पूर्वतयारी म्हणून संगणक विभाग व कार्यालय यांनी एकत्र बसून किती खंड व किती हानी सहन होईल, हे प्रथम लेखी ठरवावे आणि त्यानंतरच यंत्रसामग्रीचा विचार करावा.